दहावीचं जीवशास्त्र: गाइडपेक्षा अनुक्रमणिका हातात घ्या

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं मिळून आपलं कोकण विभागीय मंडळ. दहावीच्या निकालात ते दरवर्षी राज्यात वर असतं. २०२४ मध्ये कोकणचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. म्हणजे आपल्या जिल्ह्यात दहावी पास होणं हा आता बहुतेक घरांचा प्रश्न राहिलेला नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेला मुलगा किंवा मुलगी अकरावीला पीसीबी घेते आणि दिवाळीपर्यंत म्हणायला लागते की बायोलॉजी डोक्यात जात नाही. अम्मी-अब्बांना कळत नाही की गेल्या वर्षी हुशार असलेल्या बच्च्याला एका वर्षात झालं तरी काय.

झालं काहीच नाही. दहावीचं विज्ञान गाइडमधून पाठ केलेलं असतं. परीक्षा संपली की पाठांतर संपतं. अकरावीला मात्र शिक्षक गृहीत धरतात की पेशी, डीएनए, गुणसूत्र हे सगळं याला येतं.

हे आज लिहायचं आणखी एक कारण आहे. रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ पासून सुरू झालंय, एमबीबीएसच्या १०० जागांचं. डॉक्टर व्हायचं तर मुंबई, पुणे किंवा कर्नाटकात जायचं, हे आपल्या घरांतलं जुनं गणित थोडं बदललं. मुलीला लांब पाठवायला तयार नसलेली घरं आता निदान विचार तरी करतात. पण त्या दारातून आत जायचं तर ‘नीट’ द्यावी लागते, आणि त्या परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. त्याची पायाभरणी दहावीच्या त्या पुस्तकात होते, ज्याला आपण ‘सायन्स टू’ म्हणून जरा हलकंच घेतो.

पेपर कसा असतो

राज्य मंडळाच्या दहावीत ‘जीवशास्त्र’ नावाचा वेगळा विषय नाही. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाचे दोन भाग आहेत. भाग १ मध्ये मुख्यतः भौतिक आणि रसायन, भाग २ मध्ये मुख्यतः जीवशास्त्र. दोन्हींचे पेपर ४०-४० गुणांचे, प्रत्येकी दोन तास, आणि प्रात्यक्षिकाचे २०. असे मिळून १००.

भाग २ च्या ४० गुणांची वाटणी मुलांनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवावी, असं आम्ही सुचवू. पहिल्या प्रश्नात ५ गुणांचे बहुपर्यायी आणि ५ गुणांचे एका ओळीचे प्रश्न: वेगळा घटक ओळखा, जोड्या लावा, चूक की बरोबर अशा प्रकारचे. दुसऱ्यात ४ गुणांची शास्त्रीय कारणं आणि ६ गुणांचे छोटे प्रश्न. तिसऱ्यात आठपैकी कोणतेही पाच, प्रत्येकी ३ गुण, म्हणजे १५. चौथ्यात दोनपैकी एक मोठा प्रश्न, ५ गुणांचा.

आता हिशोब करा. १२० मिनिटं आणि ४० गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. ज्याने पहिल्या प्रश्नात अर्धा तास घालवला त्याला तिसऱ्या प्रश्नात धावावं लागणार, आणि सगळ्यात जास्त गुण तर तिथंच. पहिला प्रश्न वीस मिनिटांत आटोपला तर आठ-दहा मिनिटं हातात राहतात, ती आकृत्यांना लागतात. बहुपर्यायी प्रश्नात पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात. खोडून दुसरं लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. पेपरच्या वरच्या सूचनांत हे लिहिलेलं असतं, पण तिथं लक्ष कोण देतो!

अभ्यासक्रम म्हणजे नकाशा

बालभारतीच्या भाग २ च्या पुस्तकात दहा धडे आहेत: आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १ आणि भाग २, पर्यावरणीय व्यवस्थापन, हरित ऊर्जेच्या दिशेने, प्राण्यांचे वर्गीकरण, ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन. पुस्तक २०१८ मध्ये आलं, त्यामुळे मोठ्या भावाचं किंवा शेजारच्या आपाचं जुनं पुस्तक बऱ्याच घरांत पडलेलं असतं. शाळेत जे चालू आहे त्याच्याशी एकदा ताडून पाहा आणि तेच वापरा. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे, मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीतही. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ‘क्षमता विधाने’ नावाचं पान असतं. विद्यार्थ्याला वर्षाअखेर काय-काय आलं पाहिजे ते तिथं थोडक्यात दिलेलं आहे. हे पान मुलं सोडून देतात, आणि खरं सांगायचं तर अभ्यासक्रम म्हणतात तो हाच.

धडे एक ते दहा क्रमाने पाठ करायचे, अशी सवय असते. आम्ही उलट सांगतो. कुठला धडा कुठल्या धड्याला चिकटलेला आहे ते आधी बघा. पहिल्या धड्यात डीएनए येतो. त्यावरची माहिती एमआरएनएवर उतरते, त्याला प्रतिलेखन म्हणतात, आणि त्या माहितीनुसार प्रथिन तयार होतं, ते भाषांतरण. हा डीएनए गुणसूत्रांत असतो आणि पेशी विभागताना गुणसूत्रांचं काय होतं ते दुसऱ्या धड्यात आहे. माणसाच्या शरीरातल्या पेशीत ४६ गुणसूत्रं. सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि दोन्हींत ४६ राहतात. जखम भरते ती अशीच. अर्धगुणसूत्री विभाजनात एका पेशीपासून चार बनतात आणि प्रत्येकीत २३. हे २३ कशासाठी? उत्तर तिसऱ्या धड्यात: आईकडून २३ आणि बापाकडून २३ आले की बाळाचे पुन्हा ४६ होतात. मग आठव्या धड्यात मूलपेशी येतात, आणि फलनानंतरच्या पहिल्या काही पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी कशी बनू शकते हे कळायला आधीचे तिन्ही धडे लागतात.

हे चार धडे एका दमात, एकामागोमाग केले की मूल पाठ करत नाही, गोष्ट ऐकल्यासारखं लक्षात ठेवतं. सूत्री विभाजनाच्या चार अवस्था (पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था) यांच्या आकृत्या मात्र हाताने काढल्याशिवाय येत नाहीत. नुसतं बघून नाही. वीस वेळा काढाव्या लागल्या तरी काढाव्यात, पेन्सिलने, आणि नावं उजव्या बाजूला एका रेषेत.

दुसऱ्या धड्यातला ऊर्जेचा भाग मुलांना सगळ्यात जड जातो. ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी. इथं फक्त तीन गोष्टी विचारा: कुठे घडतं, काय जातं, काय निघतं. ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात घडतं, एका ग्लुकोजपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू मिळतात. पुढच्या दोन्ही पायऱ्या तंतुकणिकेत. ऑक्सिजन असेल तर सगळा प्रवास पूर्ण होतो आणि पुस्तकाच्या हिशोबाने ३८ एटीपी मिळतात. एवढं पक्कं असलं की ३ गुणांचं उत्तर तयार. चक्रातलं प्रत्येक आम्ल पाठ करायची दहावीला गरज नाही. ते अकरावी-बारावीचं काम.

मिरकरवाड्याचा बाजार हाच सहावा धडा

‘प्राण्यांचे वर्गीकरण’ हा धडा पुण्यातली मुलं चित्रं बघून शिकतात. आपल्याकडं तो टोपलीत येतो. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला इथल्या बऱ्याच घरांत मासळीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरी तिथल्याच मुलाला विचारा, माकूल कुठल्या संघात? तो म्हणतो, मासा.

माकूल मासा नाही. अंग मऊ, कणा नाही, म्हणून मृदुकाय प्राणी, म्हणजे मोलुस्का. मुळे, तिसऱ्या, कालवं हीही त्याच संघातली, फक्त त्यांना बाहेरून कवच. कोळंबी आणि कुर्ली यांचे पाय सांध्यांचे असतात, वरून कायटिनचं आवरण. ते संधिपाद, आर्थ्रोपोडा. जाळ्यात येणाऱ्या जेलीफिशचा हात लागला की आग होते, कारण त्याच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. तो निडारिया संघातला. ‘जेलीफिशच्या संपर्कात आल्यास दाह होतो’ याचं शास्त्रीय कारण विचारतात, आणि ज्या पोराने हे स्वतः सोसलंय त्याला ते लिहिता येत नसेल तर अजब आहे. ओहोटीला खडकात सापडणारा तारामासा कंटकचर्मी. नावात ‘मासा’ आहे, पण मासा नाही.

आता खरे मासे. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कास्थीचा असतो, म्हणजे कूर्चेचा, आणि कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात. बांगडा, सुरमई, पापलेट यांचा सांगाडा हाडांचा आणि कल्ल्यांवर झाकण. मासळी साफ करताना अम्मीने मुलाला जवळ बोलवून हे दाखवलं तर पाच मिनिटांत धड्याची दोन पानं होतात. कल्ला उचलून आतलं लाल बघायचं, झालं. ताजी मासळी ओळखायला आपण तेच तर करतो.

झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. तिथं देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. परीक्षेच्या वर्षी पुन्हा एकदा जा, पण हातात पुस्तक घेऊन. देवमासा फुफ्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, म्हणून सस्तन. समुद्रात राहतो एवढ्यावरून मासा ठरत नाही.

एक नमुना उत्तर इथं देतो, कारण आमच्या मते मुलांचे गुण ज्ञानात कमी आणि लिहिण्यात जास्त जातात. पुस्तकातलाच प्रश्न आहे: कासव जमिनीवर आणि पाण्यातही राहतं, तरी त्याला उभयचर का म्हणत नाहीत? मुलं लिहितात, ‘कारण ते सरीसृप आहे.’ हे कारण नाही, हा निकाल आहे. कारण असं हवं: उभयचरांची त्वचा मऊ व ओलसर असते, तिच्यावर खवले नसतात, त्यांची पिलं पाण्यात कल्ल्यांनी श्वसन करतात. कासवाची त्वचा कोरडी व खवल्यांची, श्वसन जन्मभर फुफ्फुसांनी, आणि अंडी कवचाची, तीही जमिनीवर घातली जातात. म्हणून ते सरीसृप. आपल्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वाळूत येतात, ती यासाठीच. अख्खं आयुष्य समुद्रात, पण अंड्यासाठी किनारा हवाच. दोन गुणांना दोन ठोस मुद्दे पुरतात. आधी तुलना, मग निष्कर्ष. चार ओळींच्या वर जाऊ नका.

जे धडे घरात दाबले जातात

दोन जागा अशा आहेत जिथं आपल्या घरांत पान उलटलं जातं. त्याबद्दल मोकळं बोलावं लागेल.

पहिली जागा म्हणजे प्रजननाचा धडा. कधी वर्गात तो घाईत आटपला जातो आणि घरात तर विषयच निघत नाही. मग मुलं ते मोबाइलवर शोधतात, आणि तिथं जे मिळतं ते पुस्तकापेक्षा शंभरपट वाईट. अन्सारी स्त्रियांना इल्म घेताना लाज आड आली नाही म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली, हे आपण बयानात ऐकतो. मग मासिक पाळीची आकृती आपल्या मुलीने वहीत काढली तर गैर काय? पीयूषिका ग्रंथी, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, ही संप्रेरकं आणि २८ दिवसांचं चक्र हा या धड्यातला मोठा भाग. पालकांनी शिकवायला बसायची गरज नाही. धडा सोडू नकोस, एवढं म्हणायचं आणि खोलीत शांतता ठेवायची. मुलीला शाळेतल्या बाईंकडून किंवा शिकलेल्या खालाकडून समजून घेता येईल.

आणि याच धड्यात एक गोष्ट आहे जी पेपरपेक्षा मोठी आहे. बाळ मुलगा होणार की मुलगी, हे कशावर ठरतं? आईकडून येणाऱ्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असतं. बापाच्या शुक्रपेशींपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. एक्स मिळालं तर मुलगी, वाय मिळालं तर मुलगा. आईच्या हातात इथं काहीच नाही. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आपल्या मोहल्ल्यांत अजून आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या घरातल्या दहावीच्या मुलाने ही आकृती एकदा जेवणाच्या दस्तरखानाजवळ मोठ्याने वाचावी. उजळणीही होईल.

दुसरी जागा उत्क्रांती. काही पालक विचारतात की हा धडा मुलाने वाचावा का. आमचं म्हणणं सरळ आहे: वाचावा, नीट समजून घ्यावा आणि विचारलेलं उत्तर लिहावं. पेपर विचारतो की डार्विनने नैसर्गिक निवडीबद्दल काय मांडलं आणि त्यासाठी शास्त्रज्ञ कोणते पुरावे देतात. तुमच्या घराचा अकीदा काय, हे पेपर विचारत नाही. शिवाय या धड्याबद्दल जे ऐकीव बोललं जातं ते बरेचदा चुकीचं असतं. ‘आजची माकडं बदलून माणूस झाला’ असं विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि आजचे एप यांचे पूर्वज फार पूर्वी समान होते, असं ते म्हणतं. उत्तरात पहिलं वाक्य लिहिलं तर ते विज्ञानाच्या हिशोबानेही चूकच. पुराव्यांचे प्रकार (बाह्यरूपीय, शरीरशास्त्रीय, अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञान) प्रत्येकी एका उदाहरणासह येत असले की तीन गुणांची बेगमी होते. जोडणाऱ्या दुव्यांत डकबिल प्लॅटिपस सोपा: अंडी घालतो सरीसृपांसारखी, दूध पाजतो सस्तनांसारखं. ज्या मुलाला पुढं नीट द्यायची आहे त्याला हाच विषय बारावीत पुन्हा भेटणार, तेव्हा आज टाळून काही वाचत नाही.

आपल्या जिल्ह्यातलीच उदाहरणं

पाचवा धडा ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ जीवशास्त्राच्या पुस्तकात काय करतोय, असं मुलं विचारतात. बरोबर विचारतात, तो आहे भौतिकशास्त्राचाच. पण रत्नागिरीच्या मुलाला तो फार सोपा आहे. कोळशावरचं वीजकेंद्र जयगडला. नैसर्गिक वायूवरचं गुहागर तालुक्यात अंजनवेलला. कोयनेच्या पाण्यावरचं चिपळूण तालुक्यात पोफळीला. आणि अणुऊर्जेचा प्रकल्प जैतापूरला प्रस्तावित, त्यावर आपल्या जिल्ह्याने किती वाद पाहिला ते सांगायला नको. चारही प्रकारांत जनित्र फिरवायचं कसं, एवढाच फरक: कोळसा आणि अणुइंधन पाण्याची वाफ करतात, वायू जाळून तापलेली हवा झोतयंत्र फिरवते, धरणाचं पाणी उंचावरून पडून फिरवतं. त्या त्या केंद्राची प्रवाह आकृती काढताना आपलं गाव डोळ्यांपुढे ठेवा.

दहाव्या धड्यासाठी तर दुर्दैवाने उदाहरणं शोधावीच लागत नाहीत. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. आपत्तीपूर्व व्यवस्थापन म्हणजे काय, आपत्तीनंतरचं म्हणजे काय, हे यातल्या एका घटनेवर लिहिलं की उत्तर जिवंत होतं. मात्र ऐकीव आकडे लिहू नका. तारीख, ठिकाण आणि काय करायला हवं होतं, इतकं पुरे.

सूक्ष्मजीवांचा धडा स्वयंपाकघरात करा: दह्यात लॅक्टोबॅसिलाय, पावात किण्व. समुद्रात तेल सांडलं तर ते पचवणारे स्युडोमोनास हे जीवाणू याच धड्यात आहेत. आठव्या धड्यातली नीलक्रांती म्हणजे मत्स्यशेती. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी विज्ञाननंतर तिथं मत्स्यविज्ञानाची पदवी घेता येते. बायोलॉजी म्हणजे फक्त एमबीबीएस, असं समजणाऱ्या घरांनी, विशेषतः मासळीच्या धंद्यातल्यांनी, तिथं एक फेरी मारावी. सामाजिक आरोग्याचा नववा धडा सोपा वाटतो म्हणून शेवटच्या रात्रीसाठी ठेवतात. एकदा वाचून स्वतःच्या शब्दांत लिहून काढला तर पुरतो.

उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी

आपल्या जिल्ह्यात उर्दू माध्यमातून दहावी करणारी बरीच मुलं आहेत. पुस्तक तेच आणि पेपरचा आराखडाही तोच, फक्त शब्द वेगळे. धक्का अकरावीत बसतो, कारण विज्ञान शाखा इंग्रजीत. जे मूल ‘ज़ियाई तालीफ’ बिनचूक समजावून सांगतं तेच ‘फोटोसिंथेसिस’ ऐकून गप्प बसतं. मग शिक्षकांना वाटतं याला काहीच येत नाही, आणि हळूहळू त्यालाही तसंच वाटायला लागतं.

यावर इलाज आजपासून करता येतो. एका वहीत तीन रकाने आखा. खलिया, पेशी, सेल. तनफ्फुस, श्वसन, रेस्पिरेशन. इर्तिका, उत्क्रांती, इव्होल्युशन. रोज पाच शब्द, धडा चालू असेल तसे. इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ त्याच पानावर उघडायची आणि आकृतीवरची नावं मिळवायची, कारण आकृती दोन्हीकडं सारखीच आहे. सहा महिन्यांत आठ-नऊशे शब्द होतात. मराठी माध्यमातल्यांनाही हीच वही लागणार आहे, दोन रकान्यांची.

परीक्षा आणि रमजान

२०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी दहावीची परीक्षा रमजानमध्ये आली. २०२७ मध्ये रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल, चंद्र दिसेल तसा एक दिवस इकडंतिकडं. परीक्षा नेहमीच्या वेळी झाली तर प्रात्यक्षिकं आणि लेखीचे सुरुवातीचे पेपर पुन्हा रोज्यात येतील. आजारी मुलाने रोजा ठेवावा का, हा मसला आम्ही इथं सोडवणार नाही. तो आलिमांना आणि डॉक्टरांना विचारा, आणि मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर नक्की विचारा, आधीच.

पण दुसरा धडा इथंही कामाला येतो. रोज्यात शरीर आधी यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं, मग स्निग्ध पदार्थांकडे वळतं. मेदाम्लांपासून ॲसिटिल-को-एन्झाइम-ए तयार होतं आणि तेही क्रेब चक्रात जातं. ‘कर्बोदकं कमी पडल्यास ऊर्जा कशी मिळते’ याचं उत्तर हेच. अभ्यासाच्या भाषेत याचा अर्थ असा की सहरीनंतरचे दोन-तीन तास सगळ्यात कामाचे. नवं आणि अवघड, म्हणजे ऊर्जा, वर्गीकरण, डीएनए, फजरनंतर घ्या. असरच्या सुमारास डोकं जड होतं, तेव्हा आकृत्या काढा किंवा शब्दांची वही चाळा. तरावीहनंतर जागरण करून नवा धडा उघडू नका. सहरीत फक्त चहा-खारी खाऊन उठणाऱ्याला अकराच्या पेपरला थकवा येणारच. भाकरी, अंडं, दही, केळं असं काहीतरी पोटात टिकणारं हवं, आणि पाणी इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं-थोडं.

घरातल्यांनीही एक करावं. परीक्षेच्या महिन्यात मुलीला इफ्तारीच्या तळणातून सूट द्या. मुलगा अभ्यासाला बसला की सगळे दबक्या आवाजात बोलतात, आणि त्याच वर्गातली त्याची बहीण भजी तळत असते. असं आम्ही बऱ्याच घरांत पाहिलंय.

उरले प्रात्यक्षिकाचे २० गुण. हे शाळेच्या हातात आहेत म्हणून मुलं निर्धास्त असतात, आणि जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवतात. जर्नल वेळच्या वेळी, स्वतःच्या अक्षरात पूर्ण करून प्रत्येक प्रयोगावर शिक्षकांची सही घ्यावी. तोंडी परीक्षेत प्रयोगाबद्दलच विचारतात: कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन का टाकलं, सूक्ष्मदर्शकात आधी कमी क्षमतेची भिंग का लावायची. ज्याने स्वतः केलंय त्याला हे सांगता येतं. शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटात बंद असेल तर पालकांनी शिक्षक-पालक सभेत आवाज न चढवता, पण नाव घेऊन विचारावं की मुलांना तो कधी मिळणार.